आधी संडासाची कडी, मग योगदिन: कारखान्यात कामगारांच्या आरोग्याचं काम कुठून सुरू करायचं

सांगलीजवळच्या कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या एखाद्या साठ-सत्तर माणसांच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओततात त्या कारखान्यात, तुम्ही नुकतेच एचआर म्हणून लागला आहात, असं धरून लिहितोय. महिनाभरात मालक केबिनमध्ये बोलावतील आणि म्हणतील, "लोकांच्या आरोग्यासाठी कायतरी करा की." त्यांच्या डोक्यात बहुतेक २१ जून असतो. सतरंज्या, पांढरे टी-शर्ट, गेटवर बॅनर आणि ग्रुपवर फोटो. योगाला माझी ना नाही. पण रात्रपाळी करून सुटलेल्या माणसाला सकाळी सात वाजता ताडासन करायला लावणं हे आरोग्याचं काम नव्हे.

मी टाइम ऑफिसला (हजेरी ठेवतात तिथं) क्लार्क म्हणून चिकटलो आणि तिथूनच एचआरला आलो. खाली लिहिलेल्यातलं बरंचसं आधी चुकून मग शिकलेलं आहे.

पहिले पंधरा दिवस काही करू नका, फिरा

फिरायचं ते सकाळी अकरा वाजता चहा घेऊन नव्हे. एकदा पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी जा, एकदा दुपारी तीनला शेडखाली उभे राहा, आणि एकदा रात्री तीनला जा. रात्री तीनला कारखाना वेगळाच दिसतो. कोण कुठं टेकून डुलक्या काढतोय, कुठला दिवा बंद आहे, कॅन्टीनला कुलूप असल्यामुळं लोक काय खातायत, हे दिवसा कळत नाही.

मग वर्षभराचं हजेरीपत्रक काढा. खाडे विभागवार आणि वारांप्रमाणे मांडा. जत्रा, लग्नसराई, ऊसतोड, द्राक्षाची छाटणी यांचे खाडे वेगळे काढा. ते आजारपणाचे नाहीत, आपल्या भागाचं कॅलेंडरच तसं आहे. ते वजा करून जे उरतात ते बघा. फेटलिंगला (ओतलेले नग घासून साफ करतात तिथं) मोल्डिंगच्या (वाळूचे साचे करतात तिथल्या) दुप्पट खाडे दिसले तर दुखणं माणसांत शोधू नका, फेटलिंगमध्ये शोधा.

लोकांना विचारायचं तर ऑफिसात बोलावू नका. ऑफिसात सगळे "काय त्रास नाही साहेब" म्हणतात. गेटसमोरच्या टपरीवर चहा घेताना तोच माणूस गुडघ्यापासून सुरुवात करतो. कॉन्ट्रॅक्टवरच्या आणि बिहार-ओडिशाकडून आलेल्या पोरांशी हिंदीत बोला. ती पाचसहा जण एका खोलीत राहतात, स्वयंपाक करून कामावर येतात आणि कुठल्याच यादीत नसतात. तुमच्या यादीत ती पहिल्या दिवसापासून हवीत. धूळ कंपनीचा आणि कॉन्ट्रॅक्टरचा माणूस वेगळा करत नाही.

पाणी आणि संडास

इथं थोडा जास्त वेळ थांबतो, कारण माझी पहिली मोठी चूक इथली.

कोअर शॉपला, म्हणजे साच्याच्या आत बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथं, आमच्याकडं बायका होत्या. उन्हाळ्यात त्यांना वरचेवर लघवीची जळजळ, ताप, खाडा. मी मोठ्या उत्साहानं कोअर शॉपच्या दारातच गार पाण्याचा कूलर बसवून घेतला. महिना झाला तरी तिथले ग्लास कोरडेच. मला वाटलं, यांना सवय नाही, समजावून सांगावं लागेल. म्हणून "पाणी प्या" असं पोस्टरही लावलं. शेवटी झाडलोट करणाऱ्या मावशी एक दिवस हळूच म्हणाल्या, "साहेब, पाणी पिलं की जावं लागतंय. आन् जायचं कुठं? कडी कुठाय दाराला?"

बायकांच्या संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेर दार धरून उभं राहायचं. त्यापेक्षा आठ तास पाणीच न प्यायलेलं बरं, असं सगळ्यांनी ठरवलेलं. हे मला सहा महिने कळलं नव्हतं, कारण मी त्या दाराकडं कधी गेलोच नव्हतो. कडी, एक बल्ब, एक बादली आणि झाकणाचा डबा एवढं आणलं. कूलर त्यानंतर चालू लागला.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी संडास: कडी, दिवा, पाणी, साबण, आणि बायकांच्या संडासात पॅड टाकायला झाकणाचा डबा. दिवसातून किती वेळा धुतला त्याची सही दाराच्या आतल्या बाजूला. मग पाणी: माणूस जिथं काम करतो तिथून चालत मिनिटभरात पोचेल इतक्या जवळ. मात्र १९४८ च्या कारखाने कायद्यात पिण्याचं पाणी आणि संडास-मुतारी यांच्यात किमान ६ मीटर अंतर सांगितलेलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगारविषयक नव्या संहिता आल्या आहेत, तरी हे अंतर मोडू नका. त्यामागचं कारण काही बदललेलं नाही. टाकी कधी धुतली ती तारीख टाकीवरच रंगानं लिहा. पावसाळ्यात, विशेषतः २०१९ किंवा २०२१ सारखा कृष्णेचा पूर आला, तर पाणी उकळून किंवा क्लोरीन टाकूनच द्या. पुराच्या पाण्यातून घर धुऊन आलेल्या माणसाला ताप आला तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) संशय धरून लगेच डॉक्टरकडं पाठवा. "सर्दीचा असंल" म्हणून सोडू नका.

मार्च लागला की

सांगलीचा उन्हाळा आणि वर भट्टी. पोअरिंगला, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतायला, उभ्या माणसाला तहान लागेपर्यंत थांबून चालत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक ग्लास पाणी, तेही सुपरवायझरनं आवाज देऊन. ओआरएसची एक मोठी पुडी एक लिटर पाण्यात, पूर्ण पुडी. अर्धी पुडी ग्लासात टाकून हलवणारे बरेच बघितलेत. ताक उत्तम, पण ब्लडप्रेशर असलेल्यांना मिठाचं बेतानं द्या.

नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी भट्टीवर उभं करू नका. पहिल्या दिवशी साधारण पाचवा हिस्सा वेळ, मग रोज तेवढाच वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण. गावाकडून आठवडाभर सुट्टी काढून आलेला जुना माणूसही या बाबतीत नवाच. आपल्याकडं उलटं होतं. "एवढे दिवस सुट्टी खाल्लीस, आता जा भट्टीवर."

नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणारे आणि रमजानचे रोजे ठेवणारे दोन्ही तुमच्याकडं असतील. त्यांना उपवास सोडा म्हणू नका, ऐकणार नाहीत आणि ऐकूही नये. तेवढे दिवस त्यांना भट्टीवरून डिस्पॅचला किंवा सकाळच्या पाळीला घ्या. हे आधी आठवडाभर विचारून ठेवलं तर कुणाचा अपमान होत नाही.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, अडखळायला लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मानेला आणि काखेत बर्फ ठेवा, १०८ ला फोन करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

धूळ

फाउंड्रीतलं सगळ्यात वाईट दुखणं दिसत नाही. वाळूतली सिलिका फुफ्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर इलाज नाही. शिवाय असल्या फुफ्फुसाला टीबी लवकर धरतो. जी धूळ उन्हाच्या तिरपेत चमकताना दिसते ती जाड. आत खोल जाणारी डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून "आमच्याकडं फारशी धूळ नाही" हे वाक्य मनावर घेऊ नका.

पाळी सुटताना शेकआऊट (साचा फोडून नग काढतात ती जागा) आणि फेटलिंगमध्ये जाऊन उभे राहा. माणसं एअर लाईनचा पाइप हातात घेतात आणि अंगावर हवा मारतात. शर्टावर, डोक्यावर, एकमेकांच्या पाठीवर. दहा सेकंदांत माणूस स्वच्छ दिसतो आणि दिवसभराची धूळ हवेत, नाकाच्या उंचीवर. ही सवय सगळ्यात आधी मोडायची. पण नुसता बोर्ड लावून ती मोडत नाही, कारण धुळीनं माखलेल्या कपड्यात घरी जायचं कुणालाच आवडत नाही. त्यांना कपडे बदलायची खोली, नळ आणि खुंट्या द्या, मग हवा मारणं आपोआप कमी होतं. झाडताना आधी पाणी शिंपडा. कोरड्या झाडूवर सरळ बंदी.

मास्क सगळ्यात शेवटी. आधी धूळ उठते तिथंच ओढून घेणारा डस्ट कलेक्टर चालू आहे का ते बघा. बऱ्याच ठिकाणी तो "लाईट बिल येतंय" म्हणून बंद असतो. कापडी मास्क, रुमाल, कोविडातला निळा मास्क यांचा सिलिकेपुढं काही उपयोग नाही. एन-९५ दर्जाचा हवा, चेहऱ्याला घट्ट बसणारा, आणि मळला की बदलणारा. महिन्याला एक असा हिशेब लावणाऱ्या खरेदीवाल्याला एक दिवस तोच मास्क घालून फेटलिंगला उभा करा. दाढी राखणाऱ्यांना तो नीट बसत नाही, हेही लक्षात ठेवा.

हळदीच्या पॉलिशच्या ड्रमपाशी किंवा तासगावकडं बेदाण्याला गंधकाची धुरी देतात तिथं काम असेल तर धूळ-धूर वेगळा, पण क्रम हाच: आधी खिडकी आणि पंखा, मग मास्क. दमेकऱ्याला धुरीच्या खोलीजवळ ठेवूच नका.

थोडक्या पैशात होणारी तीन कामं

कास्टिंगचा (ओतीव नगांचा) बिन जमिनीवर असतो आणि माणूस दिवसभर वाकून एकेक नग उचलतो. बिनखाली दोन पॅलेट टाका. बस्स. कमरेच्या तक्रारी कमी होण्याचा एवढा स्वस्त उपाय मला दुसरा सापडलेला नाही.

हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तिथला आवाज कानाला वाईट आहे. इअर प्लग द्या आणि तो कसा पिळून घालायचा ते करून दाखवा. निम्मे लोक तो नुसता कानाच्या तोंडाशी टेकवतात.

तिसरं, चाळिशी. इन्स्पेक्शनला आमच्याकडं एक पंचेचाळिशीचे काका होते. गेज (माप तपासायचं साधन) डोळ्यांपासून हातभर लांब धरून बघायचे, दिव्याखाली तिरके व्हायचे. संध्याकाळी डोकं दुखायचं, आणि रिजेक्शन निसटायचं ते वेगळंच. चष्मा लावला तर "म्हातारा झाला" म्हणतील म्हणून लावत नव्हते. चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांची एकाच दिवशी नजर तपासली, चौदा जणांना एकदमच चष्मे दिले. चौदा जणांनी लावला म्हटल्यावर चेष्टा कोण कुणाची करणार?

शिबिर: करा, पण माझ्यासारखं नको

पहिलं आरोग्य शिबिर मी झोकात केलं. रक्त, शुगर, बीपी, ईसीजी. रिपोर्ट आले तेव्हा गठ्ठा सुपरवायझरच्या हातात दिला आणि म्हटलं, वाटून टाका. त्यांनी वाटले, पण वाचून. क्रेनवरच्या एकाची शुगर तीनशेच्या वर निघाली होती. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव "साखर कारखाना" पडलं. आठवड्यानं त्याचा ओटी (ओव्हरटाइम) बंद झाला. पुढच्या वर्षी शिबिराच्या दिवशी मशीन शॉपला एकदम अकरा खाडे.

तेव्हापासून नियम असा की रिपोर्ट बंद पाकिटात, डॉक्टरांकडून, ज्याचा त्याच्या हातात. एचआरला फक्त एवढंच कळायचं: हा माणूस या कामाला ठीक, किंवा हे काम काही दिवस नको. कुठला आजार, हे नाही. आणि "हे काम नको" आलं तरी पगार कमी होणार नाही, हे मालकांकडून शिबिराआधीच वदवून घ्या. ते मिळालं नाही तर शिबिर पुढं ढकला.

तपासण्या कामाप्रमाणे निवडा. धुळीतल्या माणसाला छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची फुफ्फुसाची चाचणी, आवाजातल्याला कानाची, क्रेन आणि फोर्कलिफ्टवाल्याला नजरेची. सगळ्यांना बीपी, शुगर, हिमोग्लोबिन. बीपी १४०/९० च्या वर आलं तर त्याच दिवशी शिक्का मारू नका. शिबिराच्या रांगेत उभं राहून, तंबाखू लावून आलेल्या माणसाचं बीपी वाढलेलंच असतं. दुसऱ्या दिवशी बसवून पुन्हा मोजा.

खरं काम शिबिरानंतरच्या तीन महिन्यांत असतं. कुणाला पुढं पाठवायचं, तो गेला का, गोळी सुरू झाली का. मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात, पण पाळी बुडवून ओपीडीच्या रांगेत बसायला अर्ध्या दिवसाची पगारी सुट्टी दिली नाही तर कुणी जात नाही. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सांगलीचं सिव्हिल आहेच. तिशीच्या पुढच्यांची बीपी-शुगरची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, टीबीची औषधंही मोफत.

ईएसआयची फाईल उघडा

दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू आहे. कामगाराचे ०.७५ टक्के, कंपनीचे ३.२५ टक्के. कपात दर महिन्याला होते, पण फायदा घेता येत नाही, कारण कार्डावर बायको-पोरांची नावंच चढवलेली नसतात, किंवा दवाखाना भलत्याच गावचा टाकलेला असतो. एक शनिवार बसून सगळ्यांची कार्डं तपासा. हे कंटाळवाणं काम आहे आणि योगदिनापेक्षा शंभरपट उपयोगाचं.

आजारपणात पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात. बाळंतपणाची रजा २६ आठवडे. पगारवाढीनं कुणी २१,००० ओलांडले तरी चालू सहामाही संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेरपर्यंत, तो ईएसआयमध्ये राहतो. लगेच नाव काढू नका. आणि कॉन्ट्रॅक्टरकडून ईएसआय भरल्याचं चलन दर महिन्याला मागा. "भरलंय साहेब" हे चलन नव्हे.

डबल, पगार आणि मन

माझ्या मते आपल्या एमआयडीसीतलं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे डबल मारणं, सलग दोन पाळ्या करणं. ओटीला दुप्पट दर असतो, घरात हप्ते असतात, त्यामुळं माणूस स्वतःहून सेकंड करून नाईटला थांबतो. सकाळी तोच मोटारसायकलवरून तासगाव किंवा मालगावकडं निघतो. एकाच माणसाचे सलग दोन दिवस डबल नकोत, डबल झाल्यावर बारा तास सुट्टी, हे लिहून घ्या आणि स्वतः रोज हजेरीवरून तपासा. लोक सुरुवातीला चिडतील. ओटी समान वाटून द्या, राग कमी होतो.

मनाचं बोलायचं तर आधी पगार. महिना संपल्यावर ७ तारखेच्या आत पगार ही कायद्याची अट आहे, आणि माझ्या अनुभवात झोपेच्या गोळीपेक्षा ती चांगली. ज्याला मायक्रोफायनान्सचा हप्ता ५ तारखेला आहे आणि पगार १२ ला होतो, त्याला तणावमुक्तीचं व्याख्यान देऊन काय होणार?

कधी खाडा न करणारा माणूस सोमवारी गायब होऊ लागला, दर पंधरा दिवसांनी उचल मागू लागला, डबा न उघडता परत नेऊ लागला, तर त्याला बाजूला घ्या. "काय झालंय?" पेक्षा "घरी सगळं बरं हाय ना?" असं विचारलं की माणूस बोलतो. तुम्ही डॉक्टर नाही, सल्ले देऊ नका, ऐका. टेली-मानसचा १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा मोफत सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं. तो नोटीस बोर्डावर लावाच, पण संडासाच्या दारावर आतून लावा. तिथं एकट्यानं उतरून घेता येतो.

दहा किंवा अधिक माणसं असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती लागतेच. अध्यक्ष वरिष्ठ महिला, एक सदस्य बाहेरचा. कागदावरच्या समितीची नावं कोअर शॉपमधल्या बायकांना विचारून बघा. एकीलाही सांगता आली नाहीत तर समिती नाहीच असं धरा.

तंबाखूबद्दल फार आशा ठेवू नका. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे आणि टपरीवर काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहे. बायकांची मिश्री तर व्यसनात धरतच नाहीत. दंड लावलात तर लोक लपून खातात. शिबिरात दातांचा डॉक्टर आणा, तोंड किती उघडतं ते ज्याचं त्याला आरशात दाखवू द्या. आमच्याकडं त्यानं चार जणांनी सोडली. पन्नासातल्या चार.

प्रथमोपचाराची पेटी उघडून बघा. निम्म्यात मुदत संपलेलं आयोडीन आणि कुणाचे तरी सुटे पैसे असतात. प्रत्येक पाळीत पेटी वापरता येणारे दोघं हवेत, नाईटलासुद्धा. भाजल्यावर वीस मिनिटं वाहतं गार पाणी, दुसरं काही नाही. सांगलीत असल्यामुळं मुद्दाम सांगतो, हळदही नाही.

मालकांना दाखवायचा कागद

सहा महिन्यांनी मालक विचारतील, "काय फरक पडला?" तेव्हा फोटो दाखवू नका. एक पान करा. विभागवार खाडे, आधीचे आणि आताचे. छोट्यामोठ्या जखमा, "नुसतं खरचटलं" तेही मोजा. काम सोडून गेलेले किती. महिन्याला पाण्याचे किती जार लागले, हा माझा आवडता आकडा, कारण तो कुणी फुगवत नाही. आणि खाली अजून न झालेली कामं, किमतीसकट. न झालेली कामं लपवू नका, तिथंच पैसे मिळतात.

माझ्या पहिल्या कागदावर न झालेल्यात वरच लिहिलं होतं: फेटलिंगच्या लोकांना जेवणाआधी हात धुवायला जागा नाही, कॅन्टीनपाशी नळ आणि बेसिन हवं. मालकांनी वरचे आकडे वाचले की नाही मला माहीत नाही. बोट त्या ओळीवर ठेवून म्हणाले, "हे कितीला बसतंय?"